हिवाळी पाहुण्यांच्या तारखा

पावसाळा ओसरू लागला की बंगळूरच्या बागांत व ओढ्यांच्या काठी करडा धोबी दिसू लागतो. पिवळ्या पोटाचा, लांब शेपटी सतत खालीवर हलविणारा हा पक्षी हिमालयात व त्यापलीकडील प्रदेशांत घरटी करतो. तो प्रथम कोणत्या दिवशी आला, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. निरीक्षक केवळ रविवारी बाहेर पडत असेल, तर त्याच्या वहीत पक्षी नेहमी रविवारीच ‘येतो’; मंगळवारी उतरलेला धोबी पाच दिवस अज्ञातच राहतो. अनेकांच्या नोंदी एकत्र आल्या म्हणजे ही चूक बरीच कमी होते. ह्याच विचाराने बंगळूरच्या ‘नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस’ ह्या संस्थेतून २००७ साली ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला व देशातील हौशी निरीक्षकांनी आपापल्या तारखा तेथे कळविल्या.

पक्षी न दिसल्याची नोंद मात्र पुष्कळ जण कंटाळून करीतच नाहीत. वस्तुतः १ सप्टेंबरची रिकामी फेरी आणि ८ सप्टेंबरचे दर्शन ही दोन्ही वहीत असतील, तर आगमन बहुधा त्या आठवड्यातले असे म्हणता येते. केवळ दुसरीच नोंद असेल, तर धोबी ऑगस्टातही आलेला असू शकेल.