पहिल्यांदा बोललो होतो

चाकणच्या एका कारखान्यात मी मशीन शॉप सांभाळत होतो. गिअरबॉक्सच्या हाउसिंगचं बोअरिंग आमच्याकडे व्हायचं. सकाळच्या मीटिंगमध्ये एक ऑपरेटर म्हणाला, "साहेब, फिक्स्चरच्या रेस्ट पॅडवर चिप्स साचतायत. पॅडला खाच मारली तर कूलंटबरोबर वाहून जातील." डिस्पॅचची घाई होती. वीस जणांसमोर मी म्हणालो, "डोकं चालवायला मी आहे. तू मशीन चालव."

त्याची हजेरी, त्याचं उत्पादन, काहीच घटलं नाही. म्हणून मला काही कळलंही नाही. सांगितलेलं सगळं तो करत होता. पण सांगितलेलं तेवढंच.

तीन महिन्यांनी ग्राहकाकडून अख्खा लॉट परत आला. पॅडवरच्या चिपमुळे हाउसिंग किंचित तिरकं बसत होतं आणि बोअरही तिरका जात होता. दोन रात्री आम्ही एकेक नग तपासत बसलो. मी त्याला विचारलं, "क्लॅम्प करताना हाताला कळत नव्हतं?"

"कळत होतं, साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

"पहिल्यांदा बोललो होतो."

पुढे संशोधक एमी एडमंडसन यांचा १९९६चा अभ्यास वाचनात आला. विषय होता रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा. जिथलं नेतृत्व चांगलं, त्या विभागांत चुकांची नोंद जास्त निघाली होती. तिथली माणसं चूक न घाबरता सांगत होती, हे त्यांनी मांडलेलं कारण. माझ्या शॉपमध्ये कुणाची तक्रार नाही, असं मी वर अभिमानाने सांगायचो. ती शांतता मीच लादलेली होती.

नव्याने सुपरवायझर झालेल्यांना म्हणून कळकळीने सांगतो. सूचना आली की आधी मशीनपाशी जा आणि "दाखव" म्हणा. ती जमणारी नसेल तर नाही म्हणा, पण कारण सांगा आणि ठरलेल्या दिवशी सांगा. टोयोटाने १९५१ सालीच कामगारांच्या सूचनांसाठी रीतसर पद्धत सुरू केली. आपल्या शॉपमध्ये निदान एक फळा तरी लावा. चुकीबद्दल बोलायचं ते बाजूला घेऊन, श्रेय द्यायचं ते सगळ्यांसमोर. आणि ऑपरेटर मित्रांनो, एकदा झिडकारलं तरी दिसलेली खोट शिफ्टच्या वहीत लिहून ठेवा.

मी त्याची माफी मागितली, त्याच मीटिंगमध्ये, त्याच वीस जणांसमोर. खाच त्याच आठवड्यात मारली गेली. तो मोकळेपणाने बोलायला मात्र वर्ष गेलं. एका संध्याकाळी गाडी भरायची घाई असताना तो दाराशी आला. "साहेब, जरा मशीनवर येता? आवाज वेगळा वाटतोय."

गाडी थांबवली आणि मी त्याच्याबरोबर गेलो.