उड्डाण-प्रशिक्षकाची घडण

नागपूर फ्लाइंग क्लबची स्थापना १९४७ साली झाली. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि देशाच्या मध्यभागी असलेल्या या शहराचे हवाई मार्गांच्या दृष्टीने असणारे महत्त्व नुकतेच लक्षात येऊ लागले होते. पुढे १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या शहरी परत जात. अशा ठिकाणी वैमानिक घडविणारी संस्था उभी राहावी, हे स्वाभाविकच होते. राज्य शासनाच्या या क्लबचे कामकाज नागपूरचे विभागीय आयुक्त पाहतात. महसूल, टंचाई आणि निवडणुका यांच्या फायलींबरोबर विमानाच्या इंजिनाच्या दुरुस्तीची फाइलही ज्या अधिकाऱ्याच्या मेजावर येते, अशी पदे देशात फारशी नसतील.

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींविषयी आणि त्यांना लागणाऱ्या खर्चाविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यांना शिकविणारा कोठून येतो व कसा तयार होतो, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. विमाने विकत घेता येतात, धावपट्टी बांधता येते. पात्र मुख्य प्रशिक्षक नसेल तर मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालय प्रशिक्षणसंस्थेस मान्यता देत नाही आणि विमाने हँगरमध्ये उभी राहतात. नागपूरच्या क्लबचे उड्डाण-प्रशिक्षणही मध्यंतरी काही वर्षे बंद राहिले होते. त्या काळाचा अनुभव असलेल्यांना प्रशिक्षकाचे मोल निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दोनशे तासांची शिदोरी

आपल्या देशात खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे आणि व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. या २०० तासांपैकी निदान १०० तास उमेदवाराने स्वतः विमानाचा प्रमुख या नात्याने उड्डाण केलेले असावे लागते. हा परवाना हाती आलेल्या तरुणांपुढे सामान्यतः दोन वाटा असतात. एखाद्या विमान कंपनीत प्रवेश मिळेपर्यंत थांबावयाचे, अथवा प्रशिक्षक होऊन उड्डाणाचे तास वाढवावयाचे. विमान कंपनीत कप्तान होण्यासाठी लागणाऱ्या वरिष्ठ परवान्याकरिता १५०० तासांचा अनुभव हवा असतो, आणि शिष्याबरोबर केलेले प्रत्येक उड्डाण प्रशिक्षकाच्या वहीत प्रमुख वैमानिक म्हणून नोंदले जाते. म्हणून पुष्कळजण दुसरी वाट धरतात.

येथेच एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. दोनशे तास म्हणजे दररोज आठ तास काम करणाऱ्या एखाद्या लिपिकाचे केवळ पंचवीस दिवस. एवढ्याच शिदोरीवर, किंवा तिच्यात थोडीशीच भर घालून, कालचा विद्यार्थी आज दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेतो. हे धोकादायक वाटेल. परंतु त्याची तरतूद नियमांत केलेली आहे. नव्या उमेदवारास प्रथम साहाय्यक उड्डाण-प्रशिक्षकाची पात्रता मिळवावी लागते. तीसाठी सैद्धांतिक परीक्षा, प्रशिक्षक होण्याचे स्वतंत्र उड्डाण-शिक्षण आणि प्रत्यक्ष उड्डाणातील चाचणी हे टप्पे ओलांडावे लागतात. ती मिळाल्यावरही तो ज्येष्ठ प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकवितो. पुरेसा अनुभव गाठीस लागल्यानंतर पूर्ण प्रशिक्षकाची पात्रता आणि त्यापुढे मुख्य प्रशिक्षकाचे पद, असा हा क्रम आहे. शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या वर्गात मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसतात, त्यासारखीच ही पद्धत होय.

उजवे आसन

लहान प्रशिक्षण-विमानात शिकणारा डाव्या आणि शिकविणारा उजव्या आसनावर बसतो. ऐकावयास हा फरक क्षुल्लक वाटतो. पण ज्याने आपले सर्व उड्डाण डाव्या आसनावरून केले, त्याला उजवीकडे बसताच जणू सर्व जग बदलल्यासारखे होते. आतापर्यंत डाव्या हातात असलेले चक्र आता उजव्या हातात येते, थ्रॉटल डाव्या हाताकडे जाते, मुख्य उपकरणे तिरकस दिसू लागतात आणि उतरताना धावपट्टीची मध्यरेषा नेहमीच्या जागी सापडत नाही. म्हणून भावी प्रशिक्षकाचे पहिले काही तास स्वतःचेच उड्डाण नव्याने बसविण्यात जातात.

त्याहून अवघड असते ते बोलणे. हात विमान चालवीत असताना तोंडाने त्याच क्षणी, त्याच गतीने, विमान काय करीत आहे हे सांगावयाचे असते. ‘नाक क्षितिजाच्या वर जात आहे’ हे वाक्य नाक वर जात असतानाच उच्चारले गेले पाहिजे. दोन सेकंदांच्या उशिराने ते आले तर विद्यार्थी ज्या दृश्याशी त्या शब्दांची सांगड घालतो ते दृश्यच वेगळे असते. नवे प्रशिक्षक बहुधा फार बोलतात. अनुभवी प्रशिक्षकाची वाक्ये आखूड असतात, आणि विद्यार्थी स्वतः विमान सांभाळू लागला की ती जवळजवळ थांबतात.

या पद्धतीचा उगम पहिल्या महायुद्धात झाला. त्या काळी युद्धभूमीवरून परतलेल्या, थकल्याभागल्या वैमानिकांना प्रशिक्षणाच्या कामावर नेमीत आणि शिकताना होणाऱ्या अपघातांत असंख्य तरुण प्राणास मुकत. १९१७ साली मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश अधिकाऱ्याने इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे शिक्षणाची नवी रीत घालून दिली. दोघांकडेही नियंत्रणे असलेले विमान, इंजिनाच्या आवाजातही ऐकू यावे म्हणून गुरुशिष्यांना जोडणारी बोलण्याची नळी, आणि ज्या संकटांपासून विद्यार्थ्यास दूर ठेवण्यात येई तीच संकटे मुद्दाम ओढवून त्यांतून बाहेर पडण्याचा सराव, ही तिची प्रमुख अंगे होती. आधी करून दाखविणे, मग विद्यार्थ्याने नियंत्रणांना हलका हात लावून ते अनुभवणे, मग त्याने स्वतः करणे, हा आजचा क्रम त्याच परंपरेतील आहे. नळीची जागा आता हेडफोनने घेतली आहे, एवढेच.

नियंत्रण कोणाचे?

दोघांपुढेही नियंत्रणे असल्यामुळे एक विलक्षण धोका निर्माण होतो : विमान दुसराच चालवीत आहे अशी दोघांची समजूत होणे. त्यासाठी हस्तांतराचे शब्द ठरलेले असतात. ‘आय हॅव कंट्रोल’ असे म्हणून एकाने नियंत्रण घ्यावयाचे व दुसऱ्याने ‘यू हॅव कंट्रोल’ असे म्हणून ते सोडावयाचे. हे शब्द उच्चारल्याशिवाय हात बदलत नाहीत. पहिल्या धड्यात ते शिकविले जातात आणि निवृत्तीपर्यंत पाळले जातात.

परंतु नियंत्रण केव्हा घ्यावे, हे ठरविणारा कोणताही नियम नाही, आणि नव्या प्रशिक्षकाची खरी कसोटी येथेच लागते. विमान धावपट्टीच्या वर काही मीटरवर आले आहे, आता नाक हळूहळू उचलावयाचे आहे, विद्यार्थी उशीर करीत आहे. प्रशिक्षकाने लगेच हात घातला तर विमान अलगद टेकते, पण विद्यार्थी काहीच शिकत नाही. शिवाय ते टेकविणे आपलेच होते असा त्याचा समज होतो. हात घालण्यास उशीर केला तर विमान आपटते. या दोहोंमधील अवधी जेमतेम एखाद-दोन सेकंदांचा. घाबरट प्रशिक्षक सतत नियंत्रणांना हात लावून बसतो, आणि त्याचा विद्यार्थी तीस तासांनंतरही एकटा उडण्यास तयार होत नाही. फाजील विश्वासाचा प्रशिक्षक विमानाची पुढची चाकदांडी वाकवून परत येतो. आपण स्वतः कोणत्या स्थितीतून विमान सुखरूप सावरू शकतो याची नेमकी जाण असणे, हा यावरचा एकमेव उपाय; आणि ती जाण तासांच्या अनुभवानेच येते.

स्टॉलच्या धड्यातही असेच घडते. पंखांवरील हवेचा प्रवाह तुटून विमान खाली जाऊ लागले की मनुष्याची उपजत प्रवृत्ती चक्र स्वतःकडे ओढण्याची असते, आणि तसे केल्यास स्थिती अधिकच बिघडते. चक्र पुढे ढकलून नाक खाली करावे लागते. भीतीच्या क्षणी माणूस प्रथम शिकलेल्या सवयीकडे धाव घेतो. तेव्हा हा धडा पहिल्याच खेपेस चुकीचा शिकविला गेला तर तो पुसण्यास पुढे दहापट श्रम पडतात. नवशिक्या विद्यार्थ्यांकडे नवशिका प्रशिक्षक पाठविण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. तिचा संस्थांनी फेरविचार केलेला बरा.

नागपूरची हवा

प्रत्येक विमानतळ आपल्या प्रशिक्षकास काही वेगळे शिकवितो. सोनेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते सुमारे १४०० ते १५०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरच्या माथ्यावर, असल्यासारखे वागते. क्लबकडील सेस्ना १५२ या दोन आसनी विमानाचे इंजिन ११० अश्वशक्तीचे आणि उड्डाणसमयीचे कमाल वजन ७५७ किलो. दोन माणसे व पुरेसे इंधन घेतल्यावर वजनाची फारशी सवलत उरत नाही. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते, पंखांना आधार कमी मिळतो, जमीन सोडण्यास अधिक धाव लागते आणि चढण मंदावते. त्यात दुपारी तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणारे हवेचे लोट विमानास हेलकावे देतात. म्हणून विदर्भातील उन्हाळी प्रशिक्षण पहाटे सुरू होऊन ऊन चढण्यापूर्वी आटोपावे लागते. नवा प्रशिक्षक हे गणित स्वतः मांडतो आणि विद्यार्थ्याकडूनही मांडून घेतो. गणित शिकविणाऱ्या शिक्षकांना हे उदाहरण वर्गात उपयोगी पडावे.

सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटर लांबीची, मोठ्या प्रवासी विमानांसाठी बांधलेली आहे. तेथे लहान विमानास जागा मुबलक; पण त्यातून दुसरी अडचण उद्भवते. रुंद धावपट्टीकडे पाहणाऱ्याला आपण आहोत त्यापेक्षा खाली आल्याचा भास होतो व तो वेळेआधीच नाक उचलतो. याच्या उलट, रुंद धावपट्टीवर तयार झालेला विद्यार्थी एखाद्या अरुंद धावपट्टीवर गेला की आपण उंच आहोत असे वाटून तो फार खाली येतो. शिवाय मोठ्या विमानाच्या मागे हवेत भोवरे राहतात. त्यामुळे लहान विमानास दोन-तीन मिनिटे थांबून राहावे लागते. प्रवासी वाहतूक वाढली तसा हा थांबण्याचा वेळही वाढला. चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीचा प्रशिक्षणासाठी विचार होण्यामागे हेही कारण आहे. धावपट्टी बदलल्यावर प्रशिक्षकाने पहिले उतरणे स्वतः करून दाखविणे, हा शिरस्ता अशा वेळी पाळावाच लागतो.

पहिले एकल उड्डाण

प्रशिक्षकाच्या कामातील सर्वांत मोठा निर्णय म्हणजे विद्यार्थ्यास प्रथमच एकट्याने आकाशात पाठविणे. कोणी बारा तासांत तयार होतो, कोणास पंचवीस तास लागतात. हा निर्णय नव्या साहाय्यकावर सोपविला जात नाही. ज्येष्ठ प्रशिक्षक विद्यार्थ्याबरोबर उडून खात्री करून घेतो. साहाय्यकाने ‘तयार आहे’ असे म्हणून पाठविलेला विद्यार्थी ज्येष्ठाने परत पाठविला, तर त्यात साहाय्यकाचीही परीक्षा झालेली असते.

जाण्यापूर्वी विद्यार्थ्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. प्रशिक्षक उतरल्यामुळे विमान सत्तर-ऐंशी किलोंनी हलके झालेले असते. ते लवकर जमीन सोडते, वेगाने चढते आणि उतरताना अधिक तरंगते. हे आधी सांगितले नाही तर विमान बिघडले अशी विद्यार्थ्याची समजूत होऊ शकते. मग प्रशिक्षक खाली उभा राहून एक फेरी पाहतो. ती पाच-सहा मिनिटांची असते आणि तीत त्याला करण्याजोगे काहीही नसते. प्रशिक्षकास या वेळेची नोंद आपल्या वहीत करता येत नाही. ती विद्यार्थ्याच्या वहीत जाते.

प्रशिक्षकांची वाढती निकड

विदर्भात आता गोंदियाजवळील बिरसी येथे मोठी प्रशिक्षणसंस्था आहे, आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर प्रशिक्षणसंस्था काढण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले. धुळे, शिरपूर व बारामती ही केंद्रेही राज्यात आहेत. या सर्वांना प्रशिक्षक हवे आहेत, आणि त्याच तरुणांना विमान कंपन्याही अधिक वेतनावर बोलावीत असतात. परिणामी एकाच विद्यार्थ्याचे वर्षभरात दोन-तीन प्रशिक्षक बदलतात. प्रत्येकाची सांगण्याची रीत निराळी असल्याने विद्यार्थ्याचे काही तास जुने विसरण्यात जातात, आणि उड्डाणाचा प्रत्येक तास किती खर्चिक असतो हे शिष्यवृत्तीची प्रकरणे हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांस ठाऊकच आहे. शिकविण्याची आवड असलेल्यांना टिकवून ठेवणारी वेतनश्रेणी हा खर्च नसून बचत ठरेल, असे म्हणावयास हरकत नाही.

ग्रामपंचायतींचाही या कामाशी संबंध येतो. विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघड्यावर जनावरे कापण्यास, सोलण्यास व पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकण्यास विमान नियम, १९३७ अन्वये मनाई आहे. घारीची धडक लहान विमानाची काच सहज फोडते. इंजिन बंद पडल्यास शेतात उतरण्याचा सराव प्रत्येक विद्यार्थ्याकडून करवून घेतात, म्हणून एखादे विमान इंजिनाचा आवाज मंद करून शिवाराकडे खाली येऊन पुन्हा वर जाताना दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. खरोखरच एखादे विमान शेतात उतरले तर प्रथम वैमानिकांस मदत करावी, विडी-काडी दूर ठेवावी, पोलीस ठाण्यास कळवावे आणि चौकशी अधिकारी येईपर्यंत विमानाच्या कोणत्याही भागास हात लावू देऊ नये.