आधी मोजा, मग बदला: जुन्या गाडीचं चार्जिंग आणि माझे वाया गेलेले ६,८०० रुपये



या आठवड्याच्या व्हिडिओत बॉनेट उघडून मल्टिमीटर लावून दाखवला. आकडे भराभर गेले, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय. ज्यांचा धंदा जुन्या गाडीवर चालतो, मग ते दूध असो, ब्रेड असो की डबे, त्यांनी हा धडा एका कागदावर उतरवून गाडीतच ठेवावा.

आधी माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी पहाटे चहाच्या टपऱ्यांना आणि एका कॅन्टीनला ब्रेड-खारी पोचवायचो. गाडी जुनी पेट्रोल व्हॅन. एके दिवशी साडेचारला सेल्फ मारला तर नुसतं टक टक. धक्का मारून गाडी सुरू केली आणि त्याच दिवशी ४,२०० रुपयांची नवी बॅटरी टाकली. तीन आठवडे सगळं झकास. मग पुन्हा टक टक! आता कुणीतरी म्हणालं, "डायनामो गेला असणार." २,६०० रुपये देऊन तोही उघडून बांधून घेतला. पंधरा दिवसांनी बॅटरी परत उतरली. त्या सकाळी माल कॅन्टीनला दोन तास उशिरा पोचला आणि ती ऑर्डर कायमची गेली.

शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांनी काहीही खोललं नाही. मीटर काढला, चार ठिकाणी लावला आणि हसले. म्हणाले, "अरे, बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी, डायनामो म्हणजे मोटर. तू टाकी बदललीस, मोटर बांधलीस. मधला पाइप बघितलास का?"

तात्यांनी केलेल्या तपासणीचा क्रम असा. डिजिटल मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि सुरू करा.

१. डोळ्यांनी बघा. फॅनबेल्ट सैल, चिरलेला किंवा गुळगुळीत झालाय का? टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का? ते हाताने हलतंय का? आता चावी फिरवा. बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर पूर्ण विझला पाहिजे. चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर आधी तो बल्ब बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनामोला जागा करणारा करंट याच बल्बातून जातो.

२. इंजिन बंद, बॅटरीवर मीटर. गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजा. १२.६ म्हणजे टाकी भरलेली. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करा, मगच पुढचा निर्णय घ्या. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यात फरक असतो.

३. इंजिन चालू, बॅटरीवर मीटर. थोडी रेस देऊन साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. आकडा १२.६ च्या आसपासच राहिला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय; असं चालवत राहिलात तर बॅटरीचं पाणी उडेल आणि बल्ब जातील.

४. आता लोड द्या. हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून पुन्हा मोजा. आकडा थोडा उतरणारच, पण १३ च्या वर राहायला हवा. माझ्या गाडीत तो १२.७ वर आला.

५. वाट तपासा. बहुतेक जण हीच पायरी गाळतात. लोड चालूच ठेवा. मीटरची एक पिन डायनामोच्या जाड वायरीच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. मग एक पिन डायनामोच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. दोन्हीकडे ०.२ च्या आसपास किंवा कमी आलं पाहिजे. पिन आणि बाही फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा!

माझा हिशोब असा निघाला: डायनामोवर १४.२, बॅटरीवर १२.७. मधले १.५ व्होल्ट गेले कुठे? मायनसच्या बाजूला ०.१, प्लसच्या बाजूला १.४. डायनामोच्या जाड वायरीचं थिंबल आतून हिरवं पडून जळालं होतं. तात्यांनी तेवढ्याच जाडीची नवी वायर आणि नवं थिंबल टाकलं. मजुरीसकट ३३० रुपये.

मग नवी बॅटरी तीन आठवडे कशी चालली? ती दुकानातून भरूनच आली होती. पहाटेचे हेडलाइट आणि दहा ठिकाणी सेल्फ, यात रोज थोडी रिकामी होत गेली. आणि एक खूण माझ्या डोळ्यासमोर होती. इंजिन चालू असताना लाल दिवा अगदी मंद पेटायचा. अंधारातच दिसायचा. मी म्हणायचो, जुनी गाडी आहे, चालायचंच.

६. सगळं ठीक, तरी रात्रीत बॅटरी उतरते? मग गळती शोधा. गाडी बंद, दारं बंद, मायनस टर्मिनल काढून मीटर १० अँपिअरवर मध्ये जोडा. ५० मिलीअँपिअरपेक्षा बरंच जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या लाइनीत. या जोडणीत सेल्फ मारू नका, मीटर जाईल.

दोन गोष्टी कधीच करू नका. डायनामो तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची नाही; व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक पार्ट जळतात. आणि बॅटरीजवळ विडी-काडी नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. टर्मिनल खोलताना आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी.

आता धंद्याचं गणित. मी ६,८०० रुपये अंदाजावर घालवले, ३३० मध्ये काम झालं. पण पैशापेक्षा ती ऑर्डर जास्त लागली मनाला. विक्री घटली की आपण असंच करतो. नवा बोर्ड लावतो, माणूस बदलतो, भाव पाडतो. माल दुकानातून निघून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत मध्ये कुठे अडतोय, हे मोजतच नाही.

आणि ज्यांना ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं गॅरेज टाकायचंय त्यांनी तात्यांची एक सवय घ्यावी. ते तपासणीचे पैसे वेगळे सांगायचे आणि मीटरवरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवायचे. दुरुस्ती झाल्यावर तोच आकडा पुन्हा दाखवायचे. मी त्यानंतर दुसरीकडे कधी गेलो नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गाडीचे तीन आकडे वहीत लिहा: बंद असताना, चालू असताना, लोडवर. गाडी ठणठणीत असताना लिहा. चांगला आकडा माहीत असेल तरच बिघडलेला ओळखता येतो.

भेटूया पुढच्या धड्यात!