आजीचा शब्द वर्गात येऊ दे

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. "ताई, मुलं बोलतच नाहीत गं. काही विचारलं की 'छान आहे', नाहीतर 'मस्त आहे'. निबंध पाच ओळींत संपतो," म्हणालीस. मोडनिंबच्या शाळेत रुजू होऊन तुला जेमतेम चार महिने झालेत. तेवढ्यात हायवेवरच्या गाड्यांच्या आवाजात आपलं बोलणं तुटलं, म्हणून आज सावकाश लिहितेय. चहा घेऊन बस आणि वाच.

आधी एक कर. मुलांकडे शब्द नाहीत, हे मनातून काढून टाक. मधल्या सुट्टीत झाडाखाली जाऊन नुसती उभी राहा. गोट्यांवरून भांडताना, कुणाची शेळी कुणाच्या वावरात शिरली ते सांगताना, ट्रॅक्टर कसा रुतला त्याचं वर्णन करताना ऐक त्यांना. शब्द नुसते सांडत असतात. घंटा झाली की तेच मूल वर्गात येतं आणि गप्प होतं. शब्द कुठे गेले? दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून आलं ते.

हे मला कळायला फार उशीर झाला. कसं कळलं, तेही तुला सांगते. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नोकरीची पहिलीच वर्षं होती. चौथीच्या वर्गाला 'पावसाळा' हा निबंध दिला होता. एका मुलानं लिहिलं होतं, 'वाफसा झाला की वडील पाभर धरतात आणि आई मागनं चाड्यावर मूठ धरते.' मी 'वाफसा', 'चाडं', 'पाभर' या तिन्ही शब्दांखाली लाल शाईच्या रेघा ओढल्या आणि वर लिहिलं, 'शेतकरी पेरणी करतात.' का, तर गाईडात तसं होतं. आणि ऐक, वाफसा म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. आपले आण्णा पावसानंतर रानात जाऊन मूठभर माती दाबून बघायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "आज वाफसा आलाय." लहानपणापासून कानावर पडलेला शब्द मीच खोडला. पुढच्या वेळी त्या मुलानं निबंध लिहिला तो 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे' असा सुरू झाला आणि त्याच चालीत संपला. वर्षभर त्यानं स्वतःचं म्हणून एक वाक्य लिहिलं नाही. मी त्याला दहापैकी सात गुण देत राहिले.

माती ना फार ओली ना फार कोरडी, बी टाकलं तर रुजेल अशी, हे सगळं एका शब्दात सांगणारा दुसरा शब्द पुस्तकात आहे का सांग. म्हणून माझं तुला एवढंच सांगणं आहे की घरचा शब्द आधी वर्गात आण आणि पुस्तकातला त्याच्या शेजारी बसव. घरच्याला उठवून त्याची जागा पुस्तकातल्याला देऊ नकोस.

सुरुवात कुठून करायची म्हणतेस? गावाच्या नावापासून कर. फळ्यावर 'मोडनिंब' लिही आणि पुढचं मुलांवर सोड. 'मोड' म्हटल्याबरोबर मटकीचे मोड निघतील. दुकानदाराकडची सुट्या पैशांची मोड निघेल. मोडतोड, मोडकं, मोडकळीला आलेलं घर, भंगारवाल्यानं मोडीत घेतलेली सायकल येईल. मग तू हळूच 'हिरमोड' टाक, 'मोडता घालणे' टाक. एखादी मुलगी दबक्या आवाजात 'काडीमोड' म्हणेल, तिला थांबवू नकोस. गावात, नात्यात घडणाऱ्या गोष्टीचाच तो शब्द आहे. कुणी 'मोडी' म्हणालं तर घरातले जुने कागद शोधायला सांग, कदाचित एखाद्याच्या ट्रंकेत मोडीतलं खत निघेल. कुणी 'मोडक' आडनाव सांगितलं तर ताराबाई मोडकांची गोष्ट सांग. १९४५ साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि आज देशभर बोलला जाणारा 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. मुलांना हे कळू दे की शब्द कुणीतरी, कधीतरी, गरज पडली म्हणून घडवलेले असतात. मग 'निंब' घे. गावातली कितीतरी माणसं 'मोडलिंब' म्हणतात. निंब आणि लिंब एकच झाड. त्यातलं चूक काही नाही, तेवढं मोठ्यानं सांग. एका नावावर दोन तास जातात बघ, आणि वर्गात गप्प बसणारंही कुणीतरी बोलून जातं.

मग चिठ्ठ्या सुरू कर. लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजू कापली की झकास चिठ्ठ्या होतात, खर्च काही नाही. रोज प्रत्येकानं घरून एक शब्द आणायचा, तोही शक्यतो आजी-आजोबांना विचारून. चिठ्ठीवर शब्द, तो कुणी सांगितला आणि तो शब्द असलेलं घरातलं एक खरं वाक्य, एवढंच लिहायचं. अर्थ लिहायला लावू नकोस, वाक्यातून तो आपोआप दिसतो. परिपाठाला दोघांनी आपली चिठ्ठी वाचायची आणि ती दोरीवर अडकवायची. शब्द एकदा ऐकून बसत नाही गं. आठवडाभर तो डोळ्यासमोर लटकला पाहिजे, दुसऱ्यानं वापरला पाहिजे, चुकीचा वापरला म्हणून चार जण हसले पाहिजेत, तेव्हा कुठे तो आपला होतो. शुक्रवारी चिठ्ठ्या मिसळायच्या आणि एकानं दुसऱ्याचा शब्द उचलून गोष्टीत घालायचा.

आत्ता डिसेंबर आहे, बोरं बाजारात आलीत. ही संधी सोडू नकोस. चार-पाच जातींची बोरं आण, उमराण आण, गावरान आण, मुलं आणखी नावं सांगतील. डोळ्यांवर रुमाल बांधून एकेकाला चाखायला दे. नियम एकच, 'छान', 'मस्त' आणि 'भारी' म्हणायचं नाही. पहिले दोघं-तिघं अडतात. मग कुणी म्हणतं तुरट, कुणी पिठूळ, कुणी पाणचट, कुणी करकरीत, कुणी गोडसर. 'गाभुळलेलं' हा शब्द मुलं चिंचेला लावतात, बोरालाही लागतो का यावर एकदा माझ्या वर्गात अर्धा तास वाद झाला होता. असा वाद मिटवू नकोस, घरी विचारून या म्हणावं. आठोळीपासून बोरकुटापर्यंत आणि बोराटीच्या कुंपणापासून संक्रांतीच्या बोरन्हाणापर्यंत एका बोराची केवढी भावंडं निघतात ते फळ्यावर मांड. त्या दिवशी 'माझे आवडते फळ' हा निबंध लिहून घे, आणि आधीच्या निबंधाशेजारी ठेवून बघ.

ज्वारीचं तर काय सांगू! रब्बीची ज्वारी आत्ता पोटरीत असेल किंवा निसवायला लागली असेल. मुलांना बांधावर ने. पोटरी, निसवण, फुलोरा, मग दाणा चिकात येतो, मग हुरड्यात. एका कणसाच्या वाढीला आपल्या माणसांनी किती बारीक नावं दिली आहेत बघ. पुढे काढणी झाली की पेंढी, पाच पेंढ्यांचा पाचुंदा, कडब्याची गंज, कणसं मोडणं, खळं, मळणी, उफणणी, रास. जमिनीत उरतं ते धसकट. यंत्रं आली आणि यातले निम्मे शब्द मुलांच्या कानावरून जाईनासे झालेत. म्हणून एखाद्या आजीलाच वर्गात बोलव. तिच्या हातात सूप दे आणि पाखडून दाखवायला सांग. मग मुलांनी मुकाट्यानं करून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. निवडणं, पाखडणं, चाळणं, सडणं, कांडणं, भरडणं, दळणं. अगं, मुलांची वाक्यं 'करणे' आणि 'टाकणे' यावरच अडतात. हातानं केलेलं क्रियापद त्यांच्या अंगात मुरतं.

आता जिथे मी स्वतः फार घोळ घातला तेही सांगते. समानार्थी शब्द. 'पाणी म्हणजे जल, नीर, उदक' असं पाठ करून घ्यायचं आणि परीक्षेत विचारायचं. मुलाला वाटतं, चारही शब्द कुठेही चालतात. पण घरात कुणी 'आई, जल दे' म्हणतं का? शब्दाला त्याचं घर असतं. फळ्यावर घर, देऊळ, कचेरी आणि पुस्तक असे रकाने आख आणि शब्द ज्याच्या त्याच्या घरी पाठव. सही घरात, स्वाक्षरी अर्जावर. सातबारा, उतारा, फेरफार हे शब्द मुलांनी घरी ऐकलेलेच असतात, ते कचेरीच्या रकान्यात ती स्वतःच टाकतील. आणि 'रान' या शब्दापाशी नक्की थांब. आपल्याकडे 'रानात गेलेत' म्हणजे शेतात गेलेत. पुस्तकातलं रान म्हणजे जंगल. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं रानाच्या कवितेखाली ज्वारीचं ताट काढलं होतं. मी तिला चूक दिली नाही, तोवर थोडी शहाणी झाले होते. दोन्ही रानं शेजारी शेजारी काढायला सांगितली. आता ती दोन्ही कधी विसरणार नाही.

तुझ्या मनात येईल की हे सगळं गावंढळ ठरेल, केंद्रप्रमुख काय म्हणतील. तर एकदा मुलांना अरणला घेऊन जा. इतकं जवळ आहे. तिथले संत सावता महाराज तेराव्या शतकातले. मळ्यातली भाजी, मोट, विहीर हेच त्यांच्या अभंगांचे शब्द झाले, आणि ते अभंग आजही गायले जातात. देवाशी बोलायला त्यांना मळ्याबाहेरचे शब्द शोधावे लागले नाहीत. हे मुलांना तिथेच, समाधीपाशी बसून सांग. वर्गात सांगितलं तर ते पाठ होईल, तिथे सांगितलं तर आठवेल.

शब्दकोशाची ओळखही याच वर्षी करून दे. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पंडितांना हाताशी धरून मराठी शब्द गोळा केले, १८३१ साली कोश काढला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते साठ हजारांच्या घरात नेले. त्यात खेड्यातल्या, कोकणातल्या बोलीतले शब्दही आहेत. शिकागो विद्यापीठानं तो इंटरनेटवर ठेवलाय, तुझ्या मोबाईलवर उघडेल. दोरीवरच्या चिठ्ठीतला शब्द त्यात सापडतो का ते मुलांना शोधू दे. सापडला की त्यांचा चेहरा बघ. नाही सापडला तर मुलं स्वतःच वहीचा कोश करतील. त्यातून बाराखडीचा क्रमही न सांगता पक्का होतो.

शब्दकोडी, अंताक्षरी, शब्दडोंगर हे तू करतेसच, त्याबद्दल जास्त सांगत नाही. फक्त रोज दहा मिनिटं मोठ्यानं गोष्ट वाचून दाखव आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला थांबू नकोस. गोष्टीच्या ओघात निम्मे शब्द आपोआप कळतात. आणि शब्दार्थ पाच-पाच वेळा लिहून आणायला सांगणं आजपासून बंद कर. त्यानं मनगट दुखतं, बाकी काही होत नाही.

एक मात्र विसरू नकोस. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून मुलं येतात. कुणाच्या घरी लमाणी, कुणाच्या घरी कैकाडी, कुणाच्या कन्नड. कलाकेंद्रात आई नाचते-गाते अशी मुलंही तुझ्या गावात आहेत, आणि ती आईचं काम वर्गात सांगायला दबतात. त्यांच्या चिठ्ठ्या दोरीवर सगळ्यांत आधी लाव. ढोलकीचे, घुंगरांचे, बारीचे शब्द दुसऱ्या कुणाच्या घरी आहेत? जे मूल आपल्या घरच्या शब्दाची लाज बाळगतं, ते पुस्तकातला नवा शब्दही घट्ट धरत नाही. हे मी त्या वाफशाच्या मुलाकडून शिकले.

साधनं नाहीत म्हणून अडू नकोस. तुझ्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, कविता-गोष्टी मुलांच्या कानापर्यंत नेल्या, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. तंत्र तुला जमेल तेव्हा जमेल. तुझ्याकडे आत्ता लग्नपत्रिका, दोरी आणि वर्गातल्या मुलांच्या आज्या आहेत.

उद्या परिपाठ झाला की पहिली चिठ्ठी तू स्वतः लाव. शब्द 'वाफसा' लिही, सांगणारा म्हणून आपल्या आण्णांचं नाव लिही. मग मुलांनी दुसऱ्या दिवशी काय काय आणलं, ते रात्री मला फोन करून सांग. कितीही उशीर झाला तरी मी जागी असेन.