हुनर शिकताना सही कोणत्या कागदावर?
अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि ट्रक-चालकाचे शिक्षण

आपल्याकडे ट्रक चालवायला शिकायचे म्हणजे आधी क्लीनर व्हायचे. गाडी धुवायची, चाके ठोकून पाहायची, रात्री मालाची राखण करायची आणि उस्तादची मर्जी बसली की मोकळ्या रस्त्यावर घटकाभर स्टिअरिंग हाती घ्यायचे. दोन-चार वर्षांत शागीर्द ड्रायव्हर होतो. या पद्धतीने चांगले ड्रायव्हर घडले, हे कोणी नाकारणार नाही. पण काय शिकवले, किती शिकवले आणि त्याबदली काय घेतले, याचा कागद कोणाकडेच नसतो. हाच धंदा अमेरिकेत कॉलेजात शिकवला जातो. तेथे तो कसा शिकवतात, पैसे कोण भरतो आणि शागीर्द कोणत्या कागदावर सही करतो, हे आज आपण पाहू. ज्यांचा ट्रकशी संबंध नाही अशा कारागीर बंधूंनीही हा लेख शेवटपर्यंत वाचावा. कारण कागदाचा प्रश्न सर्वच हुनरांना लागू आहे.

कॉलेज कसले?

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आसपासच्या लोकांसाठी, सरकारी मदतीवर चालणारे, मुख्यतः दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण देणारे कॉलेज. असे पहिले सार्वजनिक कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट येथे निघाले. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजे देशभर काढावीत अशी शिफारस केली. आज त्यांची संख्या एक हजाराच्या आसपास आहे. तेथे नर्सिंग, वेल्डिंग, मोटार दुरुस्ती, हिशेबनीस असे पोटापाण्याचे विषय शिकवतात. नोकरी करणारा चाळिशीचा माणूसही संध्याकाळच्या वर्गाला बसतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. यांपैकी अनेक कॉलेजांत ट्रक-चालकाचा वर्ग असतो. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील स्मिथफील्डचे जॉन्स्टन कम्युनिटी कॉलेज हे त्यांतील एक. असा वर्ग साधारणपणे काही आठवड्यांत पुरा होतो.

शिकवायची गाडी मात्र साधी नसते. सेमी ट्रक म्हणजे पुढे इंजिनाचा ट्रॅक्टर आणि मागे त्याला जोडलेला ट्रेलर. या ट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याचे पुढचे टोक ट्रॅक्टरच्या पाठीवरील लोखंडी तबकावर टेकते. त्या तबकाला फिफ्थ व्हील म्हणतात. एकटा ट्रेलर ५३ फूट, सारी जोडगाडी ७० फुटांच्या आसपास आणि महामार्गावर मालासह वजनाची सर्वसाधारण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन.

परवान्याचा कायदा

१९८६ पूर्वी अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत मोटारीच्या साध्या परवान्यावर अशी गाडी चालवता येत असे. काही ड्रायव्हर तीन-तीन राज्यांचे परवाने बाळगीत आणि एका राज्यातला गुन्हा दुसऱ्या राज्यात लपवीत. १९८६ च्या कायद्याने 'एक ड्रायव्हर, एक परवाना' हे तत्त्व आणले आणि १ एप्रिल १९९२ पासून जड गाडीसाठी सीडीएल हा वेगळा परवाना सक्तीचा झाला. जोडगाडीसाठी त्यातील 'ए' वर्ग लागतो. राज्याच्या हद्दीत १८ व्या वर्षी आणि राज्याबाहेर माल न्यायला साधारणपणे २१ व्या वर्षी तो चालवता येतो.

७ फेब्रुवारी २०२२ पासून आणखी एक अट आली. नव्या उमेदवाराने सरकारी यादीत नोंदलेल्या संस्थेतच शिकले पाहिजे, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. पुस्तकी भागात ८० टक्के गुण हवेत. पण गाडीवर किती तास बसवायचे, हे केंद्रीय नियमाने ठरवलेले नाही. विद्यार्थी प्रत्येक काम बरोबर करतो, असे शिक्षकाने सही करून सांगायचे असते. प्रामाणिक शिक्षकाच्या हाती ही सही म्हणजे अमानत. लबाडाच्या हाती ती विकण्याची वस्तू. डिसेंबर २०२५ मध्ये तेथील परिवहन खात्याने सुमारे तीन हजार संस्थांची नावे यादीतून काढण्याची कारवाई जाहीर केली, ती याच कारणाने.

काय शिकवतात?

आधी डॉक्टरी तपासणी, अमली पदार्थांची चाचणी आणि लेखी परीक्षा. मग शिकाऊ परवाना मिळतो. तो हाती आल्यावर निदान १४ दिवस गेल्याशिवाय चालवण्याची परीक्षा देता येत नाही आणि तोपर्यंत शेजारी परवानाधारक ड्रायव्हर बसलेला असावा लागतो. चालवण्याच्या परीक्षेचे तीन भाग आहेत.

पहिला भाग तपासणीचा. गाडी सुरू करण्याआधी विद्यार्थी गाडीभोवती फिरतो आणि एकेका भागावर हात ठेवून मोठ्याने सांगतो : हा नट घट्ट आहे, ही नळी गळत नाही, या पाट्याला तडा नाही. पुढच्या टायरची नक्षी एक इंचाच्या ३२ भागांपैकी किमान ४ भाग खोल हवी, इतर टायरांची २ भाग. मग हवेचे ब्रेक. इंजिन बंद करून, पार्किंगचे ब्रेक सोडून पेडल दाबून धरायचे. जोडगाडीत एका मिनिटात ४ पौंडांपेक्षा जास्त दाब उतरता कामा नये. पुढे पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवायची. काटा ५५-६० पौंडांपर्यंत येण्याआधी इशारा वाजला पाहिजे आणि ४५ ते २० पौंडांच्या दरम्यान स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. हवा गेली तर गाडी पळत नाही, जागीच जखडते, ही त्या रचनेची खुबी विद्यार्थ्याला स्वतः करून पाहावी लागते.

दुसरा भाग मैदानातला : सरळ मागे घेणे, शेजारच्या गाळ्यात तिरकी मागे घेणे. ट्रेलरचे शेपूट डावीकडे न्यायचे तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते आणि शेपूट वळू लागताच ट्रॅक्टरला त्याच्या मागे न्यावे लागते. इथे नवशिक्याचे डोके फिरते. शिक्षकांचा एकच आग्रह असतो : शंका आली की थांबा, खाली उतरा, डोळ्यांनी पाहा, मग पुढे. उतरण्यात वेळ जातो, पण दुसऱ्याचा खांब पडत नाही.

तिसरा भाग रस्त्याचा. परवान्याच्या सरकारी पुस्तकात एक हिशेब दिला आहे. ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रकपुढे अडथळा आला, तर तो डोक्यात शिरेपर्यंत गाडी १४२ फूट जाते, पाय ब्रेकवर पोचेपर्यंत आणखी ६१ फूट आणि ब्रेक लागल्यावर २१६ फूट. एकूण ४१९ फूट. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनिशी. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर राखण्याचा नियम असा : आपल्या गाडीच्या दर १० फूट लांबीमागे एक सेकंद आणि वेग ४० मैलांहून अधिक असल्यास वर आणखी एक सेकंद.

कामाच्या तासांचा नियमही वर्गातच पाठ होतो. सलग १० तास विश्रांतीनंतर कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत फार तर ११ तास चालवता येते. ८ तास चालवल्यावर अर्धा तास थांबावेच लागते. बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत याची नोंद इंजिनाला जोडलेले यंत्र ठेवते.

पैसे कोण भरतो?

आता मुख्य मुद्दा. कॉलेजची फी राज्याराज्यांत वेगळी, पण बहुधा काही हजार डॉलरांच्या घरात असते. गरिबाला ती जड आहे. मात्र २०१४ च्या एका केंद्रीय कायद्याखाली बेकारांना व कमी उत्पन्नाच्या लोकांना शिक्षणासाठी अनुदान मिळू शकते. २०२५ च्या कायद्याने आणखी एक तरतूद केली : पात्र ठरलेल्या ८ ते १५ आठवड्यांच्या हुनरी वर्गांनाही 'पेल' हे सरकारी अनुदान १ जुलै २०२६ पासून लागू. अनुदान परत करायचे नसते, म्हणून त्यावर व्याजाचा प्रश्नच येत नाही.

दुसरा मार्ग कंपन्यांचा. काही मोठ्या वाहतूक कंपन्या म्हणतात, आम्ही फुकट शिकवतो. पण सहसा आधी करार होतो. साधारण वर्षभर त्याच कंपनीत काम करायचे. मध्ये सोडले तर शिक्षणाचा खर्च ड्रायव्हरच्या अंगावर. मग दर कमी मिळो, गाडी खराब मिळो, महिना महिना घरी जाता न येवो, माणूस हलू शकत नाही. हुनर त्याच्या हातात असतो, पण हात करारात अडकलेला असतो. यातून इतक्या तक्रारी झाल्या की कॅलिफोर्निया राज्याने नोकरी सोडल्यावर असे पैसे वसूल करणाऱ्या करारांना, काही अपवाद ठेवून, बंदी केली. ती १ जानेवारी २०२६ पासून होणाऱ्या करारांना लागू आहे.

याचीच पुढची पायरी म्हणजे 'हप्ते भरा, ट्रकचे मालक व्हा' ही योजना. ट्रक कंपनीचा, माल कंपनी देणार, हप्ता कंपनी कापणार. काम कमी दिले की हप्ता थकतो आणि ट्रक परत जातो. भरलेले पैसे बुडतात. या योजना तपासण्यासाठी नेमलेल्या सरकारी समितीने जानेवारी २०२५ मध्ये त्यांवर बंदी घालावी, अशीच शिफारस केली.

माल कोणता?

आमच्या वाचकांना सुचेल असा एक प्रश्न तेथील मुस्लिम ड्रायव्हरांनाही पडला. इलिनॉयमधील एका वाहतूक कंपनीने २००९ साली दोन सोमाली मुस्लिम ड्रायव्हरांना काढून टाकले, कारण त्यांनी दारूची खेप नेण्यास नकार दिला होता. नोकरीतील समान संधीसाठी असलेल्या केंद्रीय आयोगाने त्यांच्या वतीने दावा लावला. त्यांना दुसरा माल देणे कंपनीला शक्य होते, हे पुढे आले. ऑक्टोबर २०१५ मध्ये पिओरिया येथील ज्यूरीने दोघांना मिळून २,४०,००० डॉलर भरपाई दिली. सहा वर्षे गेली, पण न्याय मिळाला. कोणता माल नेणार नाही, हे सही करण्याआधी बोलून घेतलेले बरे, हा त्यातला धडा.

एजंटापासून सावध

'ट्रक शिका, अमेरिकेत नोकरी घ्या' असे सांगून पैसे मागणारे भेटतात. हा वर्ग तेथे राहण्या-कामाचा हक्क असलेल्यांसाठी आहे. वर्गाची पावती म्हणजे व्हिसा नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ट्रक-चालकांसाठीचे कामगार व्हिसा देणे थांबवल्याचे जाहीर केले आणि इंग्रजी न येणाऱ्या ड्रायव्हरला रस्त्यावरच कामावरून उतरवण्याचा नियम जून २०२५ पासून कडक केला. घर गहाण टाकून एजंटाचे खिसे भरू नयेत.

आपण काय घ्यावे?

अमेरिकेतील कंपनीचा करार आणि आपल्याकडची उचल ही सख्खी भावंडे आहेत. उचल घेतलेला कारागीर फिटेपर्यंत मालक बदलू शकत नाही आणि ती फिटतच नाही. कर्जापोटी माणसाला बांधून ठेवणे आपल्याकडे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले आहे, तरी सवय गेलेली नाही. म्हणून आमची सूचना अशी :

१) मुलाला हुनर शिकवायला ठेवताना काय शिकवणार, किती दिवसांत शिकवणार, हे लिहून घ्या. गाडीच्या तपासणीसारखी यादी प्रत्येक धंद्यात करता येते.

२) फी स्वतः भरणे शक्य असेल तर भरा. नसेल तर सरकारी अनुदान, जमातीचा शिक्षणनिधी किंवा नातेवाइकांचे बिनव्याजी कर्ज पाहा. मालकाची उचल सर्वांत शेवटी.

३) उचल घ्यावीच लागली तर रक्कम, फेडीची मुदत आणि काम सोडल्यास काय, हे दोघांच्या सहीने, साक्षीदारांसमोर लिहा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा व साक्षीदार करावेत, ही सूरह बकराहमधील स्पष्ट ताकीद आहे. आपण ती तिलावतीपुरती ठेवली आहे.

४) जे उस्ताद आहेत त्यांनी शागीर्द तयार झाला की तसा कागद द्यावा. त्याने उस्तादचे काही कमी होत नाही आणि शागीर्दाची रोजी उभी राहते.

ट्रक मागे घेताना शंका आली की खाली उतरून पाहायचे, हे त्या कॉलेजात शिकवतात. सही करण्याआधीही तेवढेच करावे. कागद वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला सोबत न्यावे. अल्लाह आपल्या हातांच्या कमाईत बरकत देवो.