पामतेलाचा व्यापार व दास्य

दिव्यांत तेल घालतांना तें कोणाच्या श्रमानें निघालें हें आपण सहसा विचारीत नाहीं. तसें न विचारल्यानें काय होतें, हें पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासावरून पाहूं.

१. नवा व्यापार. सन १८०७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद केला. त्यापूर्वीं लिव्हरपूलचीं गलबतें बॉनी व जुनें कॅलबार ह्या बंदरांतून माणसें भरून नेत. पुढें तींच बंदरें पामतेल विकूं लागलीं. हें तेल ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या फळांपासून निघतें. इंग्लंडांत त्याचा साबण व मेणबत्त्या होत, आणि यंत्रांस वंगणही मिळे. १८१० च्या सुमारास ब्रिटनांत वर्षास सुमारें एक हजार टन तेल येई. १८५० नंतर तें तीस हजार टनांवर गेलें.

२. चांगली आशा. थॉमस फॉवेल बक्स्टन ह्या ख्रिस्ती गृहस्थानें १८४० च्या सुमारास असें प्रतिपादिलें कीं, बायबल व नांगर हीं आफ्रिकेंत गेलीं आणि प्रामाणिक व्यापार वाढला, म्हणजे गुलामांचा व्यापार मुळासकट उपटला जाईल.

३. घडलें तें. तेलासाठीं झाडावर चढून घोस उतरावे लागत, फळें उकडून कुटावीं लागत, पाणी व सरपण वाहावें लागे. त्सेत्से माशीमुळें ओझ्याचीं जनावरें तेथें जगत नसत. म्हणून तेल डोक्यावरून किंवा होड्यांनीं बंदरास नेत. कित्येक घरच्या स्त्रिया आपलें तेल आपणच काढीत. परंतु मोठे व्यापारी व सरदार दास विकत घेऊन त्यांस शेतांवर व होड्यांवर राबवीत. दाहोमेचा राजा गेझो (१८१८-१८५८) ह्याच्या राज्यांतही पामच्या बागांत दास राबत. समुद्रापार जाणारा दास आतां देशांतच राहिला, पण दासच राहिला.

४. कॅलबारचे दास. कॅलबारांत धनी मेला म्हणजे त्याच्याबरोबर दासांस ठार मारण्याची चाल होती. १८४६ त स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनरी तेथें आले. त्यांच्या व गोऱ्या व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून १८५० त ती चाल मना झाली. तथापि दास केवळ कायद्यावर विसंबले नाहींत. शेतांवरील दासांनीं रक्ताची शपथ घेऊन एकी केली व १८५१ त ते शहरावर चालून आले. त्यांस स्वातंत्र्य मिळालें नाहीं; पण त्यांचा जीव घेण्यास धनी कचरूं लागले.

५. बोध. विकला जाणारा माल बदलला, पण राबणाऱ्याचें मोल बदललें नाहीं. बक्स्टनची आशा येथेंच उणी पडली. माल निर्दोष असला तरी तो करणारा हात मोकळा आहे कीं नाहीं, हें निराळें पाहावें लागतें.

प्रश्न
(१) पामतेलाच्या व्यापारास इतकीं माणसें कां लागत?
(२) कॅलबारच्या दासांनीं काय मिळविलें व काय मिळालें नाहीं?
(३) घरांतील एक जिन्नस घ्या. तो कोणी केला, व त्यास पुरती मजुरी मिळाली काय, ह्याचा शोध करा.