सेकंद मोजू नका, वजाबाकी करा

प्रश्न : मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन गेममध्ये मंत्राचा वेळ मोजायला माझी स्क्रिप्ट दर सेकंदाला एक मिळवते, पण मागे पडते. का?

उत्तर : क्लायंट मजकुराच्या लोंढ्यात अडकला की टायमरचा ठोका उशिरा पडतो किंवा गळतो, आणि बेरीज ती चूक जपून ठेवते. मंत्र सुरू होताच घड्याळाची वेळ नोंदवा. लागेल तेव्हा आताच्या वेळेतून ती वजा करा. लुआमध्ये त्यासाठी ओएस-टाइम आहे. ओएस-क्लॉक नावाने भुलवते, पण बहुतेक प्रणालींवर प्रोसेसरने खर्चलेला वेळच सांगते. यावर आक्षेप असा, की मंत्राची मुदत सर्व्हर ठरवतो. खरे आहे, डिकूमड या अशाच गेमच्या मूळ रूपात खेळातला तास 75 सेकंदांचा, मंत्राची मुदत अशा तासांत मोजली जाते, आणि मंत्र तासाच्या मध्येच सुरू झाला तर पहिला तास अपुराच भरतो. म्हणून वजाबाकी हा अंदाज समजा आणि मंत्र संपल्याचा संदेश येताच ट्रिगरने नोंद पुसा.